पायथन भाषेतील सुधारणा-प्रस्ताव
पायथन या संगणकीय भाषेत बदल करण्यापूर्वी मतैक्य साधण्याची रूढ पद्धती. डच संगणकतज्ञ गिडो व्हान रॉसम (१९५६– ) यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रसृत केली. तिची मूळ संहिता सर्वांस खुली असल्याने बदलाच्या सूचनाही अनेकांकडून येऊ लागल्या. त्यांना शिस्त लावण्यासाठी २००० मध्ये लेखी प्रस्तावांची पद्धत सुरू झाली. बदलाचे प्रयोजन, तपशील व जुन्या आज्ञावल्यांवरील परिणाम प्रस्तावात नमूद करतात. फेटाळलेले प्रस्तावही जतन केले जातात. मतभेद न मिटल्यास रॉसम यांचा निर्णय अंतिम मानला जाई.

या व्यवस्थेची मर्यादा ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावाने उघड केली. पदावलीच्या आतच चलाला मूल्य देणारे ‘:=’ हे चिन्ह त्यात सुचविले होते. तीव्र वादानंतर प्रस्ताव मान्य झाला. परंतु जुलै २०१८ मध्ये रॉसम यांनी निर्णयाधिकार सोडला व उत्तराधिकारी नेमला नाही. डिसेंबरमध्ये प्रमुख विकसकांनी सात पर्यायांतून पाच सदस्यांच्या निर्वाचित सुकाणू मंडळाची योजना मतदानाने निवडली. २०१९ च्या पहिल्या मंडळात रॉसमही निवडून आले. मंडळाने आपले अधिकार शक्य तितके कमी वापरावेत आणि मतदानापेक्षा मतैक्यास प्राधान्य द्यावे, असे त्याच्या नियमांतच म्हटले आहे.