वेरूळच्या राणीचे तीन गणवेश

नोव्हेंबर २०१४. लालबाग-परळच्या पूर्वेला, रे रोड स्थानकापलीकडच्या दारूखान्यात ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेचे तुकडे पाडण्यास आरंभ झाला. (दारूखान्यातली ‘दारू’ तोफेची, हे सांगितलेले बरे!) २००१ ते २०१२ या काळात हीच नौका मुंबईच्या नौदल गोदीत तरंगते संग्रहालय होती. पुढे देखभालीचा भार शासनाला पेलवेना. तिला वाचवण्याचा न्यायालयीन प्रयत्नही फसला आणि सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली.

नौका गेली, तरी तिच्यावरून उडणाऱ्या विमानांच्या खुणा उरल्या. १९७१च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उड्डाण करून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवणाऱ्या सी हॉक व अलीझे या जातींची विमाने आज गोव्यात पाहता येतात. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ या नौदल हवाई तळाजवळ ऑक्टोबर १९९८ मध्ये नौदल विमान संग्रहालय सुरू झाले, तेथे ती उभी आहेत.

परंतु या संग्रहालयात पाहुण्याची नजर प्रथम खिळते ती एका निराळ्याच विमानावर. चार इंजिने, सुमारे साडेसदतीस मीटरांचा पंखविस्तार, किंचित बाक असलेला सडपातळ देह आणि शेपटीवर एक नव्हे, तीन सुकाणू. एकच उंच सुकाणू ठेवले असते, तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेले नसते. म्हणून ही तिहेरी रचना. हे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. ‘विक्रांत’च्या डेकशी त्याचा काडीचा संबंध नाही, मुंबईशी मात्र घनिष्ठ आहे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनकडे झेप घेतली. ते याच घराण्यातले, पण आधीच्या पिढीचे कॉन्स्टेलेशन होते. १९५४ पासून त्याहून लांब अशी सुपर कॉन्स्टेलेशन विमाने ताफ्यात येऊ लागली आणि त्यांना राण्यांची नावे मिळाली. दाबोळीचे विमान त्यांपैकीच एक : व्हीटी-डीएचएम, ‘रानी ऑफ एलोरा’. म्हणजे आपल्या वेरूळची राणी!

तिचे राजवैभव अल्पकाळच टिकले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि पंख्यांची विमाने प्रवाशांच्या लेखी एकाएकी जुनी झाली. विमाने मात्र धडधाकट होती. वायुदलाने ती घेतली आणि पुण्याच्या लोहगाव तळावरील ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये माणसे व सामान वाहण्यासाठी वापरली. १९६८ च्या अखेरीस महायुद्धकाळातली लिबरेटर विमाने निवृत्त झाल्यावर समुद्रावरील टेहळणीही त्यांच्याकडे आली. वरवर पाहता हे विचित्र वाटते, पण टेहळणीला वेगापेक्षा दम लागतो. तासन्‌तास पाण्यावर घिरट्या घालायच्या, रडारवर नजर ठेवायची आणि इंधन शिल्लक राखून परतायचे. लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या प्रवासी विमानाला हे उत्तम साधले.

समुद्रावर पाळत ठेवणारी विमाने कोणाच्या हाती असावीत, हा दोन्ही दलांमधला जुना वाद. नौदलाची मागणी अखेर मान्य झाली. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी दाबोळीला नौदलाची ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, ती वायुदलाकडून आलेल्या पाच सुपर कॉन्स्टेलेशनवर. वेरूळच्या राणीचा हा तिसरा गणवेश. नवा क्रमांक आयएन ३१५.

या घराण्यातले विमान दाबोळीने पूर्वीही पाहिले होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या मोहिमेत भारतीय कॅनबेरा विमानांनी येथील धावपट्टीवर बाँबवर्षाव केला. तळावर उभी असलेली दोन पोर्तुगीज वाहतूक विमाने त्यांनी टाळली. त्यांत एक कॉन्स्टेलेशन होते. रात्री धावपट्टीची घाईघाईने डागडुजी झाली आणि अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन दोन्ही विमाने अंधारात, समुद्रालगत खालून उडत कराचीला निसटली. पंधरा वर्षांनी त्याच तळावर राणीच्या चाकांनी ठाण मांडले.

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात सुपर कॉन्स्टेलेशन निवृत्त झाली. राणी वाचली, यामागे भावनेपेक्षा सोय अधिक असावी. तिचा शेवटचा तळ आणि संग्रहालयाची जागा शेजारीशेजारी; मोकळी जमीन हाताशी, विमानांची नस ओळखणारे तंत्रज्ञही जवळच. ‘विक्रांत’ला असा शेजार होता, पण वीस हजार टनांच्या आसपासचे लोखंड पाण्यात तरंगत ठेवण्याचा हिशेबच वेगळा. फोर्टात नौदल गोदीजवळ जानेवारी २०१६ मध्ये तिच्याच धातूपासून घडवलेले स्मारकशिल्प उभारले गेले. राणी मात्र बोगमाळोच्या वाटेवर अखंड उभी आहे, उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात.