रमण्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आज घरोघरी परिचयाचा झाला आहे. परीक्षेचे गुण, गुणानुक्रम आणि त्यावरून मिळणारे साहाय्य हा क्रम आपणांस इतका स्वाभाविक वाटतो की, यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. परंतु विद्येचा सन्मान कोणाचा करावयाचा आणि कोणत्या कसोटीवर, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दोन शतकांत अनेक वेळा बदलले आहे.

या कथेचा आरंभ तळेगावी होतो. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी पुण्यास चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण जमत. वेदशास्त्रसंपन्न पंडितांची परीक्षा होऊन त्यांचा विशेष सत्कार होई, तर इतरांस किरकोळ रक्कम मिळे. म्हणजे गुणांची पारख तेव्हाही होती. मात्र ती एका वर्णाच्या कुंपणाआत होती.

१८१८ साली पेशवाई संपुष्टात आली. एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. दक्षिणेसाठी सालीना पन्नास हजार रुपये राखून ठेवले. याच निधीच्या आधारावर १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. हीच संस्था रूपांतरे पावत पुढे डेक्कन कॉलेज झाली. दानधर्माचा पैसा अशा रीतीने प्रथमच एका विद्यालयाच्या कामी आला.

खरा वाद पेटला तो १८४९ च्या सुमारास. दक्षिणेतील काही रक्कम मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्यासाठी खर्च व्हावी, अशी मागणी लोकहितवादींसारख्या सुधारकांनी केली. सनातनी मंडळी खवळली. अर्ज करणाऱ्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइज कमिटी’ स्थापन झाली आणि उत्तम मराठी ग्रंथास बक्षीस मिळू लागले. लेखक कोण यापेक्षा लेखन कसे, हा निकष येथे पुढे आला.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच सुमारास दक्षिणा निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमण्याची पद्धत आली. फेलोने स्वतः अध्ययन करावे आणि खालच्या वर्गांस शिकवावे, त्याबद्दल त्यास वेतन मिळावे, अशी ही योजना होती. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पुढील पिढीतील गोपाळ गणेश आगरकर हे सारे दक्षिणा फेलो होते. रमण्यातील दक्षिणेच्या पैशावर महाराष्ट्रातील प्रखर सुधारक शिकले, हा काळाचा न्याय विलक्षणच म्हटला पाहिजे.

नाना शंकरशेट १८६५ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये चमकणाऱ्या विद्यार्थ्यास ‘जगन्नाथ शंकरशेट’ शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. तिचा लौकिक असा की, ‘शंकरशेट स्कॉलर’ ही आयुष्यभराची पदवी ठरे. १९१२ साली हा मान चिंतामणराव देशमुखांनी मिळविला. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झालेल्या या पुरुषाने ‘मेघदूता’चा मराठीत अनुवादही केला. परीक्षेने केलेली निवड किती सार्थ ठरू शकते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

पण याच चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची मुभाच मिळाली नव्हती. त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या विषयाच्या वर्गात पाऊलही ठेवता येत नाही, त्या विषयाची शिष्यवृत्ती मिळविणार कशी? स्पर्धा खुली होती, तिच्यापर्यंत जाणारी वाट मात्र बंद होती. त्यांना हात दिला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. प्रथम दरमहा पंचवीस रुपये आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती. येथे गुणपत्रिकेइतकीच माणसाची उमेद आणि त्याच्या वाटेतील अडथळे लक्षात घेतले गेले. पुढे १९४४ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना, अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी केंद्र सरकारने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. एकास मिळालेले साहाय्य असे अनेकांचा हक्क बनले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गुणांची कसोटी हवीच. तिच्यावाचून दान आणि सन्मान यांतील भेद उरत नाही. परंतु कसोटीस उभे राहण्याची संधी सर्वांस मिळाली की नाही, हे न पाहणारी कसोटी अपुरीच राहते. देशमुख आणि आंबेडकर, दोघेही गुणवंतच. एकास परीक्षेने शोधले, दुसऱ्यास द्रष्ट्या राजाने.

परमुलखात राहून आपली मंडळे दरवर्षी गुणी मुलांचे कौतुक करतात. पहिल्या आलेल्या मुलाच्या हाती पारितोषिक देताना, त्याच आळीत शिकवणीवाचून, पुस्तकांवाचून अडलेले एखादे मराठी मूल आहे काय, याचीही चौकशी आपण करावी. दाभाड्यांच्या दक्षिणेपासून चालत आलेल्या परंपरेचे हेच उचित अनुसरण ठरेल.