बॅकबेचा शेअर आणि १ जुलै १८६५

आजचा विषय मुंबईचं १८६४-६५ चं शेअरवेड. नाव शेअरवेड असलं तरी त्यातला सगळ्यात गाजलेला शेअर जमिनीचा होता, आणि ती जमीन तेव्हा समुद्राखाली होती.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. आपल्या कापसाचा भाव चढत गेला, मुंबईत पैशाचा पूर आला. बेट लहान, माणसं वाढतायत, भाडी भडकलेली. अशा शहरात समुद्र बुजवून जमीन काढावी, या कल्पनेत वेडेपणा काहीच नाही. १८६४ मध्ये बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिचा ५,००० रुपयांचा शेअर बघता बघता ५०,००० च्या आसपास गेला.

आता हे पैसे कोणाचे होते, ते बघा. खरी गंमत इथे आहे. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरची बंधनं सैल झाली आणि बँक शेअर तारण ठेवून कर्ज देऊ लागली. म्हणजे शेअर घ्या, तो गहाण टाका, आलेल्या पैशातून दुसरा घ्या. प्रेमचंद रायचंद हे या खेळातले सगळ्यात मोठे नाव. कर्ज कोणाला द्यायचं यात बँकेत त्यांचा शब्द चालायचा. ज्यांना कर्जही नको होतं ते वायद्याचे सौदे करत होते. आज भाव ठरवायचा, पैसे पुढे द्यायचे. यातल्या असंख्य सौद्यांची तारीख एकच होती, १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपतंय म्हटल्यावर कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर. १ जुलै उजाडला तेव्हा प्रत्येक जण कोणाचं तरी देणं लागत होता आणि कोणाकडून तरी येणं होतं, पण रोकड कोणाकडेच नव्हती. बॅकबेचा शेअर २,००० च्याही खाली आला. नसरवानजी टाटांनी देणी फेडायला राहतं घर विकलं. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते, हातात पत उडालेल्या हुंड्या घेऊन. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ही माणसं जमिनीबद्दल चुकली नव्हती. बॅकबेची जमीन आज काय भावाची आहे, हे सांगायची गरज नाही. अंदाज बरोबर होता, फक्त तो खरा होईपर्यंत थांबायची ताकद त्यांच्याकडे नव्हती.

आपले बरेच श्रोते आयटीतले, तिशीच्या आतबाहेरचे, गुंतवणूक म्हणून पहिला फ्लॅट बघणारे. मी पण त्यातलाच. माझी एक्सेल शीट अशी आहे: ५० लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता सुमारे ४३ हजार. भाडं १८ हजार धरलं तर दर महिन्याला २५ हजार माझ्या पगारातून, आणि भाडेकरू नसेल त्या महिन्यात पूर्ण ४३. एरिया वाढेल का, मेट्रो येईल का, यावर आपण तासन्‌तास बोलतो. नोकरी गेली तर किती हप्ते भरू शकतो, हा कॉलम मात्र कोणाच्याच शीटमध्ये दिसत नाही. माझ्या मते वर्षभराचे हप्ते एफडीत बाजूला असल्याशिवाय टोकन देऊच नये. काही मित्रांना हे अती वाटतं, वाटू दे.

आणि भाडं येतच राहील हे तरी कशावरून? १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. कामासाठी आलेली माणसं काम संपल्यावर निघून गेली.

बॅकबे कंपनी बुडाली. तिने भराव घालून काढलेली किनाऱ्यालगतची पट्टी सरकारकडे गेली आणि तिथून रेल्वे काढली गेली. मोठा भराव पुन्हा सुरू व्हायला १९२० चं दशक उजाडलं. १८६५ चे बहुतेक भागधारक तोवर हयातही नव्हते. चर्चगेटची लोकल मरीन लाइन्सच्या बाजूने जाते ना, ती त्याच पट्टीवरून.