घटस्फोटाच्या निकालातले पाच पंच

मुंबई उच्च न्यायालयात घटस्फोटाचा एक दावा असा चालतो की त्यात खरे काय आणि खोटे काय हे न्यायमूर्ती ठरवत नाहीत. नवऱ्याने छळ केला का, बायको खरोखरच घर सोडून गेली का, याचा निवाडा समोर बसलेले पाच जण बहुमताने करतात. ते वकील असण्याची गरज नाही, पारशी असणे मात्र सक्तीचे. कायद्याने त्यांना ‘डेलिगेट’ म्हटले आहे आणि या न्यायालयाचे नाव आहे पारशी चीफ मॅट्रिमोनियल कोर्ट. फौजदारी खटल्यांतून ज्यूरी हद्दपार होऊन पन्नास वर्षे झाली, तरी तिचे हे धाकटे भावंड अजून टिकून आहे. त्याची मुळे अठराव्या शतकातल्या पारशी पंचायतीत आहेत.

कंपनी सरकारच्या मुंबईत जातीतली भांडणे जातीनेच मिटवावीत, असा शिरस्ता होता. सरकारलाही ते सोयीचेच होते. 1778 मध्ये गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने पारशी पंचायतीचा अधिकार लेखी मान्य केला. जातीचे नियम मोडणाऱ्याला जेवणावळींना बंदी करावी किंवा जोड्याने मारावे, याहून दुसरी शारीरिक शिक्षा देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आज हे वाचून हसू येते; पण ज्या समाजात लग्न, नवजोत म्हणजे मुलांची धर्मदीक्षा आणि उत्तरक्रिया सगळे चारचौघांत पार पडते, तिथे पंगतीतून उठवले जाणे म्हणजे चालत्याबोलत्या माणसाला मेल्यात जमा करणे होते.

पंचायतीपुढे येणाऱ्या कज्ज्यांत नवरा-बायकोची भांडणे भरपूर असत. बायको हयात असताना दुसरे लग्न करायचे तर पंचायतीची परवानगी हवी, आणि ती देण्याआधी पंचांनी दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या, अशी रीत होती. पंच म्हणजे बहुतेक शेटमंडळी: जहाजांचे, कापसाचे, चीनच्या व्यापाराचे मालक. त्यांच्या शब्दाला वजन होते ते पैशामुळे आणि प्रतिष्ठेमुळे, आणि नेमकी तिथेच पंचायत घसरली. गरिबाने दुसरी बायको केली की त्याला वाळीत टाकायचे आणि शेटजींच्या नात्यातल्या माणसाने केली की डोळेझाक करायची, असे होऊ लागल्यावर लोकांनी पंचांचे ऐकणे सोडले. स्वतः पंचायतीत बसलेल्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनीच पुढे तिच्या कारभारावर कडक टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंचायतीकडे मुख्यतः धर्मादाय निधी आणि मालमत्ता यांची व्यवस्था उरली होती. निवाडे करण्याची तिची ताकद ओसरली होती.

पंचायत थकली, पण तिच्या जागी दुसरे काही आले नव्हते. सरकारी न्यायालयात जावे तर तिथे पारशी विवाहाचा कायदाच नव्हता. याचा अनुभव पेरोझबाई नावाच्या स्त्रीने घेतला. नवऱ्याने आपल्याला नांदवावे म्हणून तिने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या धर्मविषयक शाखेत दावा लावला. ही शाखा इंग्लंडच्या चर्च न्यायालयांच्या धर्तीवर चाले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि 1856 मध्ये तिथे ठरले की ख्रिस्ती लग्नाच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या या शाखेचा अधिकार पारशी जोडप्यांवर चालत नाही. म्हणजे पंचायतीचा हुकूम कोणी मानत नाही आणि साहेबाच्या कोर्टात दाद लागत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी झाली.

त्याच सुमारास, 1855 मध्ये, मुंबईतल्या पारशी पुढाऱ्यांनी पारशी लॉ असोसिएशन स्थापन केली होती. नवरोजी फरदुनजी आणि सोराबजी शापूरजी बंगाली ही त्यातली कर्ती माणसे. त्यांना पारशांसाठी वेगळा छापील कायदा हवा होता. दुसरे लग्न हा गुन्हा ठरावा आणि बायकोलाही न्यायालयात दाद मागता यावी, हे त्यात असावे असा आग्रह होता. सरकारने न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि 1865 मध्ये पारशी विवाह व घटस्फोट कायदा आला.

या कायद्याने दुसरे लग्न गुन्हा ठरवले आणि घटस्फोटाची कारणे नेमून दिली. कारणांची यादी मात्र पुरुषांनीच लिहिली होती, हे लपत नाही. बायकोचा व्यभिचार एवढे कारण नवऱ्याला पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या वेश्यागमनावर घटस्फोट मागता येत नसे. नवऱ्याने ती स्त्री उघडपणे घरात आणून ठेवली तर फार तर न्यायालयीन विभक्तता मिळे. ज्या मंडळींनी दुसऱ्या लग्नाविरुद्ध एवढे रान उठवले, त्यांनी ही पळवाट डोळे उघडे ठेवून राखली.

या कायद्याची सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे डेलिगेट. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे चीफ मॅट्रिमोनियल कोर्टे नेमली गेली. न्यायमूर्ती उच्च न्यायालयाचा, पण त्याच्याबरोबर अकरा पारशी डेलिगेट. स्थानिक पारशांचे मत घेऊन सरकार त्यांची नेमणूक करी आणि ती तहहयात असे. कायद्याचा मुद्दा न्यायमूर्तीने ठरवायचा, वस्तुस्थितीचा डेलिगेटांनी. यामागे व्यवहारही होता. 1906 मध्ये दिनशा दावर यांची नेमणूक होईपर्यंत मुंबई उच्च न्यायालयात पारशी न्यायमूर्तीच नव्हता. साक्षीदार गुजरातीत बोलणार, आणि घरातली भांडणे तर पारशी गुजरातीच्या शिव्यांसह सांगितली जाणार. सासूने सुनेला उद्देशून वापरलेला एखादा शब्द थट्टेचा की घरातून हाकलण्याचा, हे नुकत्याच बोटीतून उतरलेल्या साहेबाला कसे कळावे? डेलिगेटला ते सांगावे लागत नसे. दुसरीकडे डेलिगेट होणारी माणसे बहुधा त्याच शेट वर्गातली. पंचायतीच्या हातून गेलेला अधिकार सरकारी शिक्का लावून पुन्हा त्याच घराण्यांच्या हातात आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. फरक एवढाच की आता दोन्ही पक्षांना नको असलेल्या डेलिगेटवर कारण न सांगता हरकत घेता येत होती आणि अपील वर जात होते.

शेजारच्या हिंदू समाजाशी तुलना केली की या तडजोडीचे वेगळेपण दिसते. अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत या रीतीने जातीचे पंच लग्न मोडून देत. पण 1876 मध्ये संभू रघूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जातीचा हा अधिकार मान्य करायला नकार दिला. एकाच शहरात, जवळपास एकाच काळात, एका समाजाचे पंच न्यायालयात खुर्चीवर बसवले गेले आणि दुसऱ्यांचे बाहेर काढले गेले. पारशांजवळ असोसिएशन होती, छापखाने होते, कायदेमंडळापर्यंत पोहोच होती. चांभार किंवा कोळ्यांच्या पंचांजवळ यातले काही नव्हते. हिंदूंना न्यायालयातून घटस्फोट मिळण्यासाठी मुंबई प्रांतात 1947 च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. रूढीने होणारी काडीमोड मात्र 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने वैध राहू दिली.

पारशी कायदा 1936 मध्ये पुन्हा लिहिला गेला. वेश्यागमनाची पळवाट बंद झाली, डेलिगेटांची संख्या अकरावरून सातावर आली आणि तहहयात नेमणुकीची मुदत दहा वर्षे झाली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. ज्या नानावटी खून खटल्याने ज्यूरीची अब्रू गेली त्यातला आरोपीही पारशीच, हा योगायोग मुंबईकर विसरत नाहीत. पण कौटुंबिक दाव्यांतले डेलिगेट तसेच राहिले. 1988 च्या दुरुस्तीने त्यांची संख्या पाच केली आणि पोटगी, मुलांचा ताबा, मध्यंतरीचे अर्ज हे सगळे त्यांच्या कक्षेबाहेर काढून एकट्या न्यायमूर्तीकडे दिले. याच दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोटही आला.

आजची पद्धत अशी. मुंबईसारख्या ठिकाणी राज्य सरकार जास्तीत जास्त तीस पारशांची नावे राजपत्रात प्रसिद्ध करते. त्यातून पाळीपाळीने पाच जण दाव्यासाठी घेतले जातात. प्रत्येक पक्षाला दोघांवर हरकत घेता येते. सुनावणीभर पाचांपैकी किमान तीन जण हजर राहिले नाहीत तर खटला ग्राह्य धरत नाहीत. मते समसमान झाली तरच वस्तुस्थितीचा निकाल न्यायमूर्ती देतात. अपील होते ते कायद्याच्या किंवा प्रक्रियेच्या चुकीवर. डेलिगेटांनी मान्य केलेली हकीकत पुन्हा उकलून पाहिली जात नाही.

अडचण पुरेशा संख्येने माणसे जमवण्याची आहे. 2001 च्या जनगणनेत देशात 69,601 पारशी होते, 2011 मध्ये 57,264. एवढ्या लहान समाजात डेलिगेट आणि पक्षकार एकमेकांच्या ओळखीचे निघणे स्वाभाविकच. शिवाय पाच कामाच्या माणसांना एकत्र बसवायचे म्हणून हे न्यायालय वर्षातून मोजक्याच वेळी भरते आणि दावे रेंगाळतात. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात बाकीच्या जोडप्यांना विवाह समुपदेशक आणि मध्यस्थ मिळतात, 1984 च्या कायद्याने ती सोयच केली आहे. तिथे भांडण आधी मिटवून पाहतात आणि मग निकालाकडे जातात. पारशी जोडप्याला तो रस्ता उघडा नाही आणि आपली खासगी गोष्ट पाच ओळखीच्या माणसांपुढे मांडावी लागते, अशी तक्रार घेऊन 2017 मध्ये एक पारशी महिला सर्वोच्च न्यायालयात गेली. ज्यूरी सगळीकडून गेली असताना ती फक्त पारशी पती-पत्नींवर का लादायची, हा तिचा सवाल होता.