फलश्रुती नसलेले पुस्तक

मुठा नदी सह्याद्रीतून निघून मुळशी तालुक्यातल्या मुठा गावावरून खाली येते, खडकवासल्याला अडते आणि मग पुण्यात शिरते. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा टापूत वाचनाच्या दोन तऱ्हा नांदत होत्या. वरच्या मावळी खेड्यांत चातुर्मासात देवळात पोथी लागे. श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ असे. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने तिचा अर्थ सोडवून सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. खाली पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने सार्वजनिक वाचनालय निघाले, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. तिथला सभासद वर्गणी भरून पुस्तक घरी नेई आणि एकटा वाचे. नुकत्याच वाचून संपवलेल्या कादंबरीबद्दल मराठी वाचक जे सडेतोड बोलतो, ती सवय इंग्रजी शिक्षणाने आणि त्याच्या मागून आलेल्या समीक्षेने लावली, असे सहसा मानले जाते. मला कारण दुसरीकडे दिसते. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते: हा ग्रंथ ऐकणाऱ्याला काय लाभेल ते ग्रंथच सांगून मोकळा होतो. कादंबरीला फलश्रुती नाही. दोन-तीनशे पाने वाचून पदरात काय पडले, हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि ठरवले की ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

सुरुवातीच्या लेखकांना ही उणीव जाणवत होती, असे त्यांच्या पुस्तकांवरून दिसते. १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’मध्ये बाबा पदमनजींनी विधवांच्या हालांची कथा सांगता सांगता तिचे तात्पर्य इतके उघड ठेवले की वाचकाला स्वतःचे मत बनवायला जागाच उरू नये. हलब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्यांत बोध मागे पडला आणि अद्भुत पुढे आले. रिसबुडांची प्रस्तावना तर वाचकाची नापसंती आधीच ओळखून दिलेल्या खुलाशासारखी आहे. आपल्या लोकांच्या आयुष्यात रस वाटावा असे गुण नाहीत आणि दुर्गुणही नाहीत, तेव्हा नवलाच्या गोष्टी रचण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा सूर. हा खुलासा सगळ्यांना पटला नाही. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्यावर निबंध लिहून या कादंबऱ्यांचा प्रत्यक्ष जगण्याशी मेळ नाही, असे बजावले. ही तक्रार वाङ्मयशास्त्राची कमी आणि वाचकाची जास्त आहे. आपले घर, आपली माणसे पुस्तकात सापडली नाहीत, म्हणून तो चिडला आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पोथी ऐकणारे गप्प कुठे बसत? शंका विचारत, सांगणाऱ्याला अडवत, एखाद्या ओवीवरून वाद घालत. हे खरे आहे, पण त्या शंका अर्थाबद्दल असत. ‘पांडवप्रताप’ कंटाळवाणा झाला किंवा मधले चार अध्याय गाळले असते तरी चालले असते, असे देवळात बसून कोण म्हणणार? ग्रंथ कसोटीच्या पलीकडे होता. कादंबरीने पहिल्यांदा ग्रंथच कसोटीवर ठेवला. तोही बहुतेक वेळा अर्धवट असताना. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून आली, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ या त्यांच्याच साप्ताहिकातून. तिच्या नायिकेचे, यमूचे, पुढे काय होणार, हे कळण्याआधीच घरोघरी तिच्यावर बोलणे होई, आणि त्या बोलण्यात बायकाही होत्या. काशीबाई कानिटकर हरिभाऊंच्या लेखनाची त्यांच्याशी चर्चा करत आणि पुढे स्वतः ‘रंगराव’ ही कादंबरी लिहून बसल्या. वाचकाचे मत लेखकाच्या दारापर्यंत इतक्या लवकर पोचू लागले, याचे श्रेय साप्ताहिकाला आहे; पोथी वर्षानुवर्षे तीच राही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हे सारे पुण्याच्या पेठांतल्या मूठभर उच्चवर्णीय कुटुंबांचे, त्याला मराठी वाचकाचे मत कसे म्हणावे? म्हणू नयेच. पण जे या वर्तुळात नव्हते किंवा ज्यांना त्यात यायचे नव्हते, त्यांचेही मत नोंदले गेले आहे, आणि ते सगळ्यांत स्पष्ट आहे. १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. जोतीराव फुल्यांना निमंत्रण होते. ते गेले नाहीत. पत्र लिहून त्यांनी कळवले की तुमच्या ग्रंथांतला भावार्थ आमच्या सभांशी आणि आमच्या ग्रंथांशी मिळत नाही. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. काशिनाथ मराठे यांनी तेरा वर्षांपूर्वी घेतलेली हरकतच ही, पण तिचा रोख आता कल्पनेच्या अतिरेकावर नव्हता. लिहिणारे कोण आणि कुणासाठी, यावर होता. १९०२ मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा विद्वत्तापूर्ण निबंध लिहून युरोपच्या मानाने आपली कादंबरी किती तोकडी आहे ते दाखवले. मला त्या निबंधापेक्षा फुल्यांचे छोटे पत्र वाचकाच्या इतिहासात मोठे वाटते.

बेधडक मत म्हणजे चांगले मतच, असे मात्र नाही. फलश्रुतीची सवय सहजी सुटली नाही, आणि पुस्तकाने ती सांगितली नाही की वाचक ती मागायला निघाला. १९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’ने शिकलेल्या स्त्रीच्या मनातले उघड मांडले, तेव्हा विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे कोण, याचीच उठाठेव फार झाली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तेव्हा पुण्यातल्या एका वाचकाने आपले मत थेट न्यायालयात नेले: ही कादंबरी तरुण पिढीला बिघडवील. खालच्या न्यायालयात सुटका, उच्च न्यायालयात शिक्षा, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटका, असा तो खटला गेला. त्या फिर्यादीला निव्वळ सोवळेपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण तिच्यामागे जुनीच अपेक्षा होती, की पुस्तकाने वाचणाऱ्याचे भले करावे. गंमत अशी की त्याच पुण्यात, १९६३ मध्ये, देशमुख आणि कंपनीने ‘कोसला’ काढली, जिच्यातून कुठलेच फळ काढता येत नाही, आणि त्याच कारणाने तरुण वाचकांनी ती डोक्यावर घेतली.

वरच्या खोऱ्यापर्यंत कादंबरी पोचायला वेळ लागला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अनुदान मिळाले, ग्रंथालय कर मात्र बसला नाही, म्हणून खेड्यातले वाचनालय कायम तुटपुंज्या पैशांवर चालत आले. मुठे खोरे बारा मावळांपैकी एक, शेजारचे मोसे खोरे बाजी पासलकरांचे. अशा मुलखातला वाचक ‘स्वामी’ किंवा ‘श्रीमान योगी’सारखी ऐतिहासिक कादंबरी हातात घेतो तेव्हा त्याच्या मतात आडनावाचा, गावाचा अभिमान मिसळणारच. त्याला निखळ वाङ्मयीन मत म्हणता येणार नाही, हे मान्य. पण याच मुळशी तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहात शेतकरी धरणासाठी जाणाऱ्या जमिनींकरता लढले, शेजारी पानशेत आणि वरसगाव झाली, आणि खुद्द मुठेवर टेमघरचे धरण उभे राहिले. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांची कादंबरी आहे. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमिनीचा मोबदला कसा ठरतो, पुनर्वसनाचे कागद कुठे अडतात, बुडालेल्या गावचा देव कुठे बसवायचा, यात लेखक कुठे चुकला आणि कुठे नेमका बोलला, हे मुळशीतला वाचक पुण्यातल्या कुठल्याही परीक्षकापेक्षा अधिकाराने सांगू शकतो. पुस्तकाचा जगण्याशी मेळ बसतो का, हा १८७२ चा प्रश्न विचारताना त्याला कुणाच्या निबंधाचा आधार घ्यावा लागत नाही.