पादत्राणांचे क्रमांक : देशोदेशीची मापे

बंगळुरूमध्ये २००७ साली फ्लिपकार्ट व मिंत्रा या कंपन्या स्थापन झाल्या. पुढे पायात घालून न पाहताच पादत्राणे मागवण्याचा प्रघात देशभर रुजला. क्रमांकांचा घोळ मात्र कायम आहे. भारतात प्रचलित असलेल्या ब्रिटिश पद्धतीत दोन क्रमांकांमधील अंतर एक तृतीयांश इंच, तर युरोपीय पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटर असते. पुरुषांचा ब्रिटिश ८ क्रमांक साधारणतः अमेरिकी ९ व युरोपीय ४२ ठरतो. त्यापेक्षा पावलाची सेंटिमीटरमधील लांबी अधिक विश्वसनीय.

रुंदी यांपैकी कोणताच आकडा सांगत नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली. ती युरोपीय व अमेरिकी पावलांहून रुंद आढळली. रुंदीसाठी मोठा क्रमांक घेतल्यास बूट लांबीला सैल पडतो. या मोजणीवरून 'भा' ही भारतीय क्रमांकपद्धती सुचवण्यात आली.