घरगुती वायफायची सुरक्षा

घरातील बिनतारी इंटरनेट जोडणी परक्याला परवानगीशिवाय वापरता येऊ नये आणि तिच्यावरून जाणारी माहिती तिऱ्हाइताला वाचता येऊ नये, यासाठी केलेल्या तांत्रिक व व्यावहारिक उपायांना घरगुती वायफायची सुरक्षा म्हणतात. तारेच्या जोडणीत शिरायचे तर घरात पाऊल ठेवावे लागते. वायफायला उंबरठा नसतो. राउटरमधून निघणाऱ्या रेडिओलहरी भिंती ओलांडून जिन्यात, शेजारच्या घरात आणि रस्त्यावर पोचतात. त्यांतही २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहरी ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लहरींपेक्षा भिंतींतून अधिक पार जातात. या लहरी घरापुरत्या अडवता येत नाहीत. म्हणून सुरक्षेचा भार दोन गोष्टींवर पडतो : जोडणी मागणाऱ्याची पारख करणे आणि हवेतून जाणारा मजकूर कूटबद्ध करणे.

धोके : परक्याने जोडणी वापरली की वेग मंदावतो, हा त्रास त्यामानाने किरकोळ. आत शिरलेल्या व्यक्तीला घरातील प्रिंटर, कॅमेरे, संगणक यांच्यापर्यंत वाट मिळू शकते. राउटरच्या सेटिंगमध्ये फेरफार झाला, तर घरच्यांना खोट्या संकेतस्थळांकडे वळवता येते. शिवाय घरातील सर्व उपकरणे बाहेरच्या जगाला बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. त्यामुळे कोणीही केलेल्या कृत्याचा माग ग्राहकाच्याच दाराशी येतो.

याचा कठोर अनुभव महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला. २६ जुलै रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेच्या वायफायपर्यंत पोचला. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाला चौकशीला सामोरे जावे लागले. त्याची जोडणी दुसऱ्यानेच वापरली होती. पुढच्या दोन महिन्यांत अशाच मेलसाठी माटुंगा व चेंबूर येथील जोडण्या वापरल्या गेल्या. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीम घेतली आणि दूरसंचार विभागाने २००९ मध्ये इंटरनेट सेवा देणाऱ्यांना वायफायच्या सुरक्षित वापराबाबत निर्देश दिले.

संरक्षणपद्धतींचा विकास : वायफायचे मूळ मानक (८०२.११) १९९७ मध्ये आले. त्यातील ‘डब्ल्यूईपी’ ही संरक्षणपद्धती आरसी४ या कूटपद्धतीवर आधारलेली होती. प्रत्येक संदेशतुकड्यासाठी किल्लीत मिसळला जाणारा आकडा केवळ २४ बिटांचा होता. म्हणजे त्याची सुमारे १ कोटी ६७ लाख रूपे संपली की पुनरावृत्ती अटळ होती. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर या संशोधकांनी आरसी४च्या किल्लीरचनेतील उणीव दाखवली. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी डब्ल्यूईपीची किल्ली मिनिटाच्या आत काढून दाखवली.

तोवर पर्याय आले होते. २००३ मध्ये जुन्याच यंत्रांवर चालणारी ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती सोय झाली. २००४ मध्ये एईएस या भक्कम कूटपद्धतीवर आधारलेली ‘डब्ल्यूपीए-२’ आली आणि मार्च २००६ पासून प्रमाणित उपकरणांना ती बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील मॅथी व्हॅनहोफ यांनी तिच्या जोडणीप्रक्रियेतील ‘क्रॅक’ नावाचा दोष उघड केला. त्यात पासवर्ड फुटत नव्हता, म्हणून पासवर्ड बदलून उपयोग नव्हता. सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हाच उपाय होता. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ आली. आज राउटरमध्ये हीच पद्धत निवडावी. जुनी उपकरणे तिला जोडली जात नसतील, तर डब्ल्यूपीए-२ व ३ यांची संमिश्र किंवा एईएससह डब्ल्यूपीए-२ ही पद्धत ठेवावी. डब्ल्यूईपी आणि मूळ डब्ल्यूपीए या आता वापरण्याजोग्या नाहीत.

पासवर्ड : डब्ल्यूपीए-२ मध्ये ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड चालतो. फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेरून टिपता येते. मग हल्लेखोर आपल्या घरी बसून त्या नोंदीवर लाखो अंदाज तपासू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय फार आहे. ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारे दहा अंकी क्रमांक ४०० कोटीच होतात आणि शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड ते सारे काही तासांत तपासू शकते. नाव व जन्मसाल, सदनिकेचा क्रमांक, तंत्रज्ञाने जोडणी देताना घातलेला साचेबंद पासवर्ड हेही तितकेच कच्चे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून केलेला पासवर्ड मजबूत असतो आणि लक्षातही राहतो. तो रोमन अक्षरांत द्यावा लागतो, पण शब्द मराठी असू शकतात. डब्ल्यूपीए-३ मध्ये टिपलेल्या नोंदीवर असे घरबसल्या अंदाज चालत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. म्हणून ती अधिक सुरक्षित आहे.

राउटरची व्यवस्था : वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड हे वेगळे असतात. दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. राउटरवर छापलेल्या, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जाऊन तो आधी बदलावा. कारखान्याचेच पासवर्ड वापरून ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये जगभरची लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. इंटरनेटवरून राउटर चालवण्याची सोय बंद ठेवावी.

बटण किंवा आठ अंकी पिन वापरून जोडणी देणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोयही बंद करावी. पिनचा शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि राउटर पिनचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासतो. त्यामुळे १० कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांत पिन सापडते, हे २०११ मध्ये स्टेफान फीबॉक यांनी दाखवले. त्यानंतरच्या काही राउटरांत चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आहे, तरी या सोयीवाचून काही अडत नाही.

पाहुण्यांसाठी राउटरमधील स्वतंत्र ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे. स्मार्ट टीव्ही, कॅमेरे यांसारखी क्वचितच अद्ययावत होणारी उपकरणेही त्यावरच ठेवावीत. क्यूआर कोड दाखवून वायफाय देताना त्या चौकोनात पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो, म्हणून त्याचे छायाचित्र पुढे पाठवू नये.

गैरसमज : वायफायचे नाव लपवले की जोडणी सुरक्षित होते, ही समजूत चुकीची आहे. घरचा फोन जोडला जाताना ते नाव हवेत उच्चारलेच जाते. ठरावीक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच, म्हणजे जाळ्यातील त्यांच्या ओळख-क्रमांकांनाच, प्रवेश देणे हाही कच्चा उपाय आहे. हा ४८ बिटांचा पत्ता कूटबद्ध नसल्याने तो ऐकून त्याची नक्कल करता येते. या उपायांनी मिळणारे खोटे समाधान अधिक घातक, कारण त्यापायी कच्चा पासवर्ड तसाच राहून जातो.

अनाहूत वापर ओळखणे : राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. सध्याचे अनेक फोन खासगीपणासाठी बदललेला मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे अनोळखी नोंद घरच्याच फोनची असू शकते. घरातील उपकरणे एकेक बंद करून यादी पडताळावी. शंका उरलीच, तर पासवर्ड बदलणे हा खात्रीचा मार्ग : सर्वांची जोडणी तुटते आणि नवा पासवर्ड ठाऊक असणारेच परत येतात.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक-जाळ्यात प्रवेश करणारा नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरतो. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

देखभाल : भाडेकरू गेला, घरकामाची माणसे बदलली किंवा पासवर्ड फार हातांत गेला, तर तो बदलावा. राउटरचे सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होत नसेल, तर दर काही महिन्यांनी पाहावे. उत्पादकाने सुधारणा देणे थांबवले की यंत्र चालू असले तरी ते निवृत्त करावे. भंगारात किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी रीसेटचे बारीक बटण दाबून ठेवून त्यातील नोंदी पुसाव्यात, कारण घराचा पासवर्ड त्यातही साठवलेला असतो.